फायबर टाकायची कशी आणि टिकवायची कशी: खोदाईपासून घरातल्या बॉक्सपर्यंत

फायबर स्वतःहून खराब झाली असं फार क्वचित होतं. लाइन बंद पडते ती जेसीबीच्या दातामुळे, घुशीमुळे, उसाच्या ट्रॉलीमुळे, क्लोजरमध्ये (जॉइंट झाकणाऱ्या डब्यात) शिरलेल्या पाण्यामुळे नाहीतर कुणीतरी घाईघाईत दिलेल्या वाकामुळे, आणि यातलं जवळजवळ सगळं टाकतानाच टाळता येतं. नवीन पोरं कामाला आली की त्यांना स्प्लायसिंग मशीनचं, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडणाऱ्या यंत्राचं, फार आकर्षण असतं, पण मशीन चालवणं दोन दिवसांत जमतं, खरं काम खड्ड्यात आणि वहीत आहे. केबल कुठून गेली, किती खोल आहे, कुठे लूप (जास्तीच्या केबलचं वेटोळं) ठेवलाय हे पाच वर्षांनी रात्री अकरा वाजता पावसात कुणालातरी कळलं पाहिजे, तो माणूस तुमच्याच टीमचा असेल असंही नाही.

हे मी तालुक्याच्या गावातून आसपासच्या गावांना आणि वाड्यावस्त्यांना इंटरनेटची लाइन देणाऱ्या छोट्या ऑपरेटरला डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, पण कारखान्याच्या गेटपासून ऑफिसपर्यंत, कॉलेजच्या दोन बिल्डिंगमध्ये किंवा सोसायटीत फायबर टाकायची असेल तरी नियम तेच.

आधी कागदावर हिशोब

केबल विकत घ्यायच्या आधी पॉवरचा हिशोब करा. जीपॉनमध्ये (एकाच फायबरवरून अनेक घरांना लाइन द्यायची पद्धत) बी प्लस मॉड्यूल (लाइट सोडणारा भाग) असेल तर ओएलटीतून, म्हणजे आपल्या टोकाच्या मशीनमधून, साधारण दीड ते पाच डीबीएम (लाइटच्या ताकदीचं माप) पॉवर निघते आणि घरातल्या ओएनटीला (गिऱ्हाइकाकडच्या बॉक्सला) उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे मधल्या रस्त्यात एकूण २८ डीबी (ताकदीतली घट मोजायचं माप) खर्च करायची मुभा. आता समजा ओएलटीतून ३ निघाली, गाव ९ किलोमीटरवर आहे. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लाइटला किलोमीटरमागे ०.३५ डीबी जातात (१५५० ला ०.२ च्या आसपास, पण हिशोब नेहमी जास्तीच्या आकड्याने करायचा), म्हणजे ३.१५ गेले. पुढे एकास चारचा स्प्लिटर (एका फायबरचा लाइट चारांत वाटणारा) साधारण ७.२ खातो, त्याच्यापुढे एकास आठचा १०.५, मिळून १७.७. सहा जॉइंट ०.१ ने धरले तर ०.६, चार कनेक्टर ०.४ ने धरले तर १.६. बेरीज २३.०५, घरात पॉवर मिळेल उणे २० च्या आसपास. छान.

पण त्याच ठिकाणी कुणीतरी म्हणतं की एका पोर्टवर ३२ ऐवजी ६४ गिऱ्हाईक बसवू, एकास आठ आणि पुन्हा एकास आठ, तेव्हा स्प्लिटरमध्येच २१ जातात आणि बेरीज २६ च्या वर पोचते. चालतं ते, पहिल्या दिवशी मस्त चालतं. फक्त हातात दीड डीबीच शिल्लक राहते, आणि एकदा केबल तुटली की मध्ये तुकडा टाकून दोन जॉइंट वाढतात, तेही पावसात घाईत मारलेले, एखादा कनेक्टर मळतो, एखाद्या खांबावर वाक पडतो, आणि दोन वर्षांत शेवटच्या टोकाची घरं संध्याकाळ झाली की रडायला लागतात. माझं मत विचाराल तर निदान ३ डीबी भविष्यासाठी बाजूला काढून ठेवायचेच, त्याला हात लावायचा नाही. उलटंही लक्षात ठेवा, पॉवर जास्त झाली तरी ओएनटी आंधळा होतो, उणे ८ च्या वर गेली की गडबड, म्हणून टेबलावर टेस्ट करताना ओएनटी थेट ओएलटीला लावू नका, मध्ये स्प्लिटर किंवा अटेन्युएटर (पॉवर मुद्दाम कमी करणारा तुकडा) ठेवा.

केबल कुठली घ्यायची

मेन लाइनला जी-६५२-डी सिंगल मोड, घरात शिरणाऱ्या शेवटच्या केबलला, म्हणजे ड्रॉपला, जी-६५७. फरक वाकण्याचा आहे. ६५७-ए-१ दहा मिलिमीटरच्या त्रिज्येपर्यंत वळवली तरी फारसं काही होत नाही, ए-२ साडेसात मिलिमीटरपर्यंत. घरात लोक केबल कपाटामागे दाबतात, दाराच्या फटीतून काढतात, त्यामुळे तिथे ६५७ शिवाय पर्याय नाही.

कोअर (केबलमधले फायबरचे धागे) किती, यावर कंजुषी करू नका. १२ कोअर आणि २४ कोअरच्या भावातला फरक खोदाईच्या खर्चापुढे काहीच नाही, खड्डा तोच खणायचाय. आज लागतात त्याच्या दुप्पट टाका.

जमिनीत जाणारी केबल घुशी-उंदरांच्या भागात आर्मर्ड घ्या, म्हणजे आत पन्हाळी स्टीलच्या पत्र्याचं वेष्टन असलेली. वाळवीसाठी बाहेरून नायलॉनचा थर असलेली केबल मिळते, वाळवीच्या जमिनीत ती पैसे वसूल करून देते. फक्त एक, स्टील आलं की अर्थिंग आलं. आर्मर दोन्ही टोकांना नीट अर्थ करायचा, नाहीतर मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर वीज पडली की ती त्याच पत्र्यावरून तुमच्या रॅकपर्यंत येते. खांबावरून न्यायची असेल तर धातू नसलेली एडीएसएस केबल घ्या, ती प्रश्नच ठेवत नाही.

ड्रम साइटवर आला की उतरवायच्या आधी ओटीडीआर (लाइट सोडून दोष किती अंतरावर आहे ते दाखवणारं मीटर) लावून सगळे कोअर तपासा, आणि ट्रकवरून ड्रम टायरवर ढकलून देऊ नका, फळी लावून किंवा क्रेनने उतरवा. केबल जमिनीत गेल्यावर कळलं की चार कोअर कारखान्यातूनच तुटके होते, तर भांडायला जागा राहत नाही.

परवानगी आणि पायी सर्व्हे

रस्ता कुणाचा आहे ते आधी शोधा. गावातला रस्ता ग्रामपंचायतीचा, पुढचा जिल्हा परिषदेचा, त्यापुढचा सार्वजनिक बांधकामचा, मध्येच राष्ट्रीय महामार्ग, कडेला वनखातं, आणि एखादा रेल्वेचा क्रॉसिंग आला की सहा महिने धरा. दूरसंचारचे नवे राइट ऑफ वे नियम (लाइन टाकायच्या परवानगीचे) १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, त्याआधी २०१६ चे होते, अर्ज आता ऑनलाइन पोर्टलवरून जातो. नियम काहीही म्हणोत, स्थानिक ऑफिसात जाऊन शाखा अभियंत्याला रूट प्रत्यक्ष दाखवून आलं की काम जास्त सरळ होतं, आणि तिथेच कळतं की पुढच्या वर्षी याच रस्त्याचं रुंदीकरण आहे. असं कळलं तर साइडपट्टीत केबल टाकूच नका, रुंदीकरणाची हद्द विचारून तिच्या बाहेर सरका.

खोदायच्या आधी ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर नोंद करा, २२ मार्च २०२३ ला केंद्र सरकारने ते सुरू केलंय. तुम्ही कुठे खोदणार हे टाकलं की त्या भागात ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना कळवलं जातं. दुसऱ्यांची लाइन वाचवायला जसं ते लागतं तसंच आपली वाचवायलाही, म्हणून स्वतःची टाकलेली मालमत्ताही त्यात नोंदवून ठेवा. पण नुसत्या ॲपवर विसंबू नका, गावात सगळ्यात जास्त माहिती पाणी सोडणाऱ्या माणसाकडे असते. पाइपलाइन कुठून गेलीय, व्हॉल्व्ह कुठे पुरलाय हे त्याला तोंडपाठ असतं, त्याला बरोबर घेऊन एकदा सगळा रूट चाला. गाडीवरून केलेला सर्व्हे हा सर्व्हे नव्हे, ओढा, मोरी, खडक, कुणाच्या शेताचा बांध हे चालल्याशिवाय दिसत नाही.

खड्डा

बीएसएनएल आणि भारतनेटच्या कामात १६५ सेंटीमीटर खोली धरतात. लोकांना वाटतं एवढं कशाला. त्याचं कारण सोपं आहे, नांगर, रस्त्याची साइडपट्टी, पाण्याची पाइपलाइन, गटार हे सगळं वरच्या मीटरभरात चालतं. तुम्ही त्याच्या खाली गेलात की बऱ्याच संकटांतून सुटता. छोटे ऑपरेटर दोन-अडीच फुटांवर थांबतात, मजुरी वाचते, आणि ती सगळी पुढच्या तीन वर्षांत कट जोडण्यात जाते. खड्डा मोजताना रस्त्याच्या पृष्ठभागापासून नाही तर जिथे खणताय तिथल्या पक्क्या जमिनीपासून मोजा, साइडपट्टीचा भराव खोलीत धरला की भराव निघाला की केबल उघडी पडते.

महाराष्ट्रात जमीन दर चार किलोमीटरला बदलते. मुरूम सगळ्यात चांगला, खणायला बरा आणि केबलला धरून ठेवतो. कोकणात जांभा लागतो, ब्रेकरने फोडावा लागतो आणि कडा धारदार राहतात, तिथे खाली वाळूचा किंवा चाळलेल्या मातीचा थर दिल्याशिवाय डक्ट (केबल ज्यातून जाते तो पाइप) ठेवू नका. काळा कातळ लागला तर १६५ चा हट्ट परवडत नाही, मग खोली कमी करायची पण संरक्षण वाढवायचं: डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचा प्लास्टिक) पाइप किंवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप आणि वरून काँक्रीट. नुसतं उथळ टाकून वर दगड ठेवणं म्हणजे संरक्षण नव्हे, तो दगडच पुढे केबलवर बसतो.

काळ्या मातीबद्दल थोडं जास्त बोलायला पाहिजे, कारण मराठवाडा, सोलापूर, विदर्भ इकडे तीच आहे आणि तिचा स्वभाव लोक विसरतात. उन्हाळ्यात ती भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते, आणि दर वर्षी असं खालीवर होताना डक्टला ओढत राहते. डक्ट मधून फाटत नाही, सुटतो तो कपलरपाशी, म्हणजे दोन डक्ट जोडतात तिथे. मग तिथून पाणी आणि बारीक गाळ आत जातो आणि पुढे त्या डक्टमधून केबल ओढायची म्हटलं की ती दगडासारखी अडकते. म्हणून काळ्या मातीत डक्टच्या खालीवर मुरूम किंवा वाळू भरा, डक्ट तारेसारखा ताणून सरळ न टाकता हलका नागमोडी टाका, आणि कपलर हाताने नाही तर पान्ह्याने आवळा.

डक्ट म्हणून ४० मिलिमीटरचा एचडीपीई, आतून वंगणाचा थर असलेला, हाच घ्या. साधा शेतातला काळा पाइप स्वस्त पडतो म्हणून वापरणारे आहेत, त्यात केबल ओढताना जो जोर लागतो त्यात केबलचीच वाट लागते. डक्टच्या दोन्ही तोंडांना एंड प्लग लगेच, त्याच दिवशी, उद्यावर नको. एका रात्रीत आत चिखल, बेडूक, उंदीर काहीही जातं.

मोरीवरून नेताना जीआय पाइप क्लॅम्पने आवळून, आणि पाण्याच्या खालच्या अंगाला. वरच्या अंगाला लावला तर पुरात वाहत आलेली झाडं पहिली तुमच्या पाइपवर आदळतात. मोठा रस्ता आडवा ओलांडायचा तर एचडीडी मशीनने (रस्ता न खोदता आडवं भोक पाडणाऱ्या) खालून, आणि तेव्हाच एक जास्तीचा रिकामा डक्ट टाकून ठेवा, परत ती परवानगी काढायची ताकद कुणात नसते.

खड्डा बुजवताना आधी मऊ माती, पाण्याने थोडी बसवून, मग वर पिवळी किंवा केशरी वॉर्निंग टेप, आणि मग बाकीची माती. टेप केबलला चिकटून टाकणारे महाभाग असतात, ती दिसेपर्यंत जेसीबीने केबलही उचललेली असते. टेप केबलच्या बरीच वर, जमिनीपासून फूट-दीड फूट खाली हवी. जेसीबीवाल्याला टेप दिसली की तो थांबतो, बहुतेक वेळा तरी. आणि रूटवर वळणाच्या, क्रॉसिंगच्या, जॉइंटच्या जागी मार्कर दगड.

ओढायची की फुंकायची

लांब डक्टमध्ये कंप्रेसरने केबल फुंकणं सगळ्यात चांगलं, केबलला ताण जवळजवळ बसतच नाही. त्याआधी डक्टमधून स्पंज मारून घ्या, पलीकडे तो कोरडा आणि अख्खा निघाला तर डक्ट ठीक. मशीन नसेल तर हाताने ओढा, पण केबलचा काळा जॅकेट धरून ओढू नका. आतली ताकद देणारी दांडी आणि धागे असतात, दोरी त्यांना बांधा, मध्ये स्विव्हल (फिरता सांधा) लावा म्हणजे पीळ केबलमध्ये जात नाही. ओढताना वाकाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या वीसपट तरी, आणि बसवून झाल्यावर दहापट. म्हणजे १२ मिलिमीटरच्या केबलला ओढताना २४ सेंटीमीटरपेक्षा लहान वळण नको. चेंबरच्या (रूटवरच्या झाकण असलेल्या खड्ड्याच्या) काठावर केबल घासते तिथे एखादा पाइपचा तुकडा नाहीतर पुली ठेवा.

मधल्या चेंबरवर केबल बाहेर काढून पुढच्या टप्प्यात घालायची असेल तर जमिनीवर ताडपत्री टाकून त्यावर आठाच्या आकारात रचा. गोल गुंडाळी केली की दर फेऱ्याला एक पीळ बसतो, आठात एका बाजूचा पीळ दुसऱ्या बाजूला सुटतो. दोन्ही टोकांना फोन चालू ठेवा आणि ‘थांब’ कुणी म्हणायचं ते आधी ठरवा.

प्रत्येक जॉइंटला दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर लूप ठेवायचा. याच्याबद्दल मालक लोक कुरकुरतात, पण कट झाला की हाच लूप सरकवून एका जॉइंटमध्ये काम होतं.

खांबावरून नेताना

गावागावांत निम्म्याहून जास्त फायबर खांबावरूनच जाते, आदर्श नसली तरी वस्तुस्थिती ती आहे. स्वतःचे खांब असतील तर उत्तम, महावितरणच्या खांबाला परवानगीशिवाय हात लावू नका, आणि परवानगी असली तरी विजेच्या तारांपासून ते सांगतील तेवढं अंतर ठेवून, तारांच्या खालून, आणि काम चालू असताना लाइन बंद करून घेऊनच. पोरगं शिडीवर चढवून ‘लवकर कर’ म्हणणाऱ्या मालकाकडे काम करू नका.

दोन खांबांत ४०-५० मीटर अंतर बरं. रस्ता आडवा जात असेल तिथे उंची साडेपाच-सहा मीटरपेक्षा कमी नको, आणि ती उंची उन्हाळ्यात दुपारी मोजा, केबल तापून सैल झालेली असते तेव्हा. साखर पट्ट्यात तर यात अजिबात तडजोड नाही. नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की ट्रॉलीवर टपापासून दीडपट उंच ऊस रचलेला असतो, वरच्या मोळ्या केबलला अडकतात आणि ट्रॅक्टरवाल्याला पत्ताही लागत नाही, तो चार खांबांचे क्लॅम्प उपटून घेऊन जातो. शेताच्या कडेने जाणारी केबल असेल तर तोडणीनंतर पाचट पेटवतात त्याचाही विचार करा, खाली लोंबणारा लूप वितळतो. लूप खांबाच्या वरच्या भागात, ब्रॅकेटवर बांधा.

गणपतीत मिरवणुकीचा रस्ता माहीत असतोच. उंच मूर्ती आली की मंडळाची पोरं बांबूने केबल वर उचलतात, ती पोरं चांगलीच असतात हो, पण बांबूच्या टोकावर केबलला असा काही वाक बसतो की विसर्जनाच्या रात्री निम्मं गाव बंद. त्या रस्त्यावर शक्य असेल तर जमिनीखालून जा, नाहीतर चार दिवस आधी तिथली उंची वाढवून घ्या आणि मंडळाच्या अध्यक्षाला आपला नंबर देऊन ठेवा. संक्रांतीला मांजा बारीक ड्रॉप कापतो, खारी ड्रॉप कुरतडतात, माकडं तर झोका घेतात.

झाडाला केबल बांधू नका, नारळाला तर मुळीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात आलं तेव्हा खांब आणि झाडं सरसकट आडवी झाली. किनाऱ्याच्या गावांत मुख्य लाइन जमिनीत आणि फक्त घराचा ड्रॉप वरून, एवढं तरी पाळलं तर वादळानंतर कामाचे दिवस निम्म्यावर येतात.

ड्रॉपमध्ये आधाराची स्टीलची तार असेल तर ती घराच्या बाहेरच हुकला बांधून कापा, आत फक्त फायबर न्या. ती तार कुठे वाटेत विजेच्या तारेला टेकली तर करंट सरळ घरात. शक्यतो एफआरपीची (धातू नसलेली, फायबरग्लासची) दांडी असलेला ड्रॉपच घ्या. भिंतीतून आत जायच्या आधी केबल भोकाच्या खाली उतरवून मग वर वळवा, म्हणजे पाणी तिथेच थेंबाथेंबाने पडतं, आत येत नाही.

जॉइंट

स्प्लायसिंगला बसताना गाडीत नाहीतर छोट्या तंबूत बसा, वारा आणि धूळ हे दोन शत्रू. क्रम असा: आधी स्लीव्ह (जॉइंट झाकणारी नळी) फायबरवर ओवा, ती विसरून जॉइंट मारला की परत तोडावा लागतो आणि हे सगळ्यांचं होतं. मग स्ट्रिपरने साडेतीन-चार सेंटीमीटर कोटिंग काढा, एका झटक्यात, स्ट्रिपर थोडा तिरका धरून. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या लिंट नसलेल्या कपड्याने पुसा, दोन वेळा, फायबर स्वच्छ झाली की कपड्यावर किर्र असा बारीक आवाज येतो. पुसल्यावर बोट लावायचं नाही. क्लीव्हरमध्ये (फायबर सरळ कापणारं हत्यार) ठेवून कापा, आणि कापलेलं टोक कशालाही न टेकवता मशीनच्या व्ही ग्रूव्हमध्ये, म्हणजे खाचेत, ठेवा. स्क्रीनवर दोन्ही टोकं सरळ दिसली पाहिजेत, अँगल एक अंशाच्या आत. कडेला चीर किंवा टोक दिसलं तर मशीनला ‘पुढे चल’ म्हणू नका, परत कापा, दोन मिनिटं जातात. क्लीव्हरचं ब्लेड एका जागी बोथट झालं की पुढची जागा फिरवायची असते, कित्येक जण ते वर्षानुवर्षं फिरवत नाहीत आणि मशीनला शिव्या देतात.

मशीन ०.०१, ०.०२ असा आकडा दाखवतं तो अंदाज असतो. खरा लॉस (वाया जाणारी पॉवर) ओटीडीआर दोन्ही बाजूंनी मारून सरासरी काढल्यावरच कळतो. एका बाजूने मारलं तर कधीकधी जॉइंटवर पॉवर वाढल्यासारखी दिसते, दोन वेगळ्या फायबर जोडल्या की असं होतं, ती कमाई खोटी असते आणि दुसऱ्या बाजूने तोच जॉइंट जास्त लॉस दाखवतो. सरासरी ०.१ च्या आत हवी.

रंगांचा क्रम पाठच करा: निळा, केशरी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. रात्री बॅटरीच्या उजेडात पांढरा आणि राखाडी, गुलाबी आणि केशरी यात गफलत होते, शंका आली तर पलीकडून लाल लाइट मारून खात्री करा.

कापलेले तुकडे झाकणाच्या डबीत टाका. १२५ मायक्रॉनची काच आहे, कातडीत घुसली की दिसतही नाही आणि निघतही नाही, आणि शेतात टाकली तर तिथे माणसं अनवाणी फिरतात, जनावरं चरतात. जॉइंट मारतो त्या टेबलावर वडापाव खायचा नाही. आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून ‘लाइट येतोय का’ बघू नका, तो लाइट डोळ्याला दिसत नाही पण आत जातो. त्यासाठी पॉवर मीटर आहे.

क्लोजर बंद करताना केबल आत शिरते ती जागा नीट घासून, पुसून, मग सील. न वापरलेली भोकं बंद आहेत ना ते बघा. डोम क्लोजर लावताना केबल खालून आत आली पाहिजे, उलटं टांगलं की ती पाण्याची बादली. चेंबरमध्ये क्लोजर तळाला सोडू नका, भिंतीला वर टांगा, चेंबरमध्ये पावसाळाभर पाणी राहणारच असं धरून चाला. हवा भरायचा व्हॉल्व्ह असेल तर थोडी हवा भरून साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघून घ्या.

वही

काम झाल्यावर प्रत्येक कोअरचा ओटीडीआरचा ट्रेस १३१० आणि १५५० दोन्हीवर सेव्ह करा. एखाद्या जागी १३१० ला लॉस नगण्य आणि १५५० ला जास्त दिसला तर तो जॉइंटचा दोष नाही, तिथे केबल किंवा क्लोजरच्या ट्रेमधली फायबर कुठेतरी वाकलीय. या एका फरकावरून अर्धे फॉल्ट जागेवर न जाता ओळखता येतात.

आता गंमत अशी की ओटीडीआर सांगतो ते अंतर फायबरचं असतं, जमिनीवरचं नाही. केबलच्या आत फायबर पीळ घेऊन बसलेली असते म्हणून ती केबलपेक्षा थोडी लांब, त्यात दर जॉइंटचे वीस मीटर लूप, खांबाखांबावरचे लूप. सहा किलोमीटरवर कट दाखवला आणि तुम्ही रस्त्याने सहा किलोमीटर मोजून खणायला लागलात तर शंभर-दोनशे मीटर चुकीच्या जागी खणाल. म्हणून प्रत्येक जॉइंटचं ओटीडीआरवरचं अंतर, केबलवर छापलेला मीटरचा आकडा आणि जीपीएस असे तिन्ही एकाच ओळीत लिहून ठेवा. मग कट कुठल्याही दोन जॉइंटच्या मध्ये आला तरी जवळच्या जॉइंटपासून मोजायचं, चूक चार-पाच मीटरवर येते.

‘पिंपळाच्या झाडापासून दहा पावलं’ असं लिहू नका. पिंपळ रस्त्यात जातो. मोरीचा कठडा, किलोमीटरचा दगड, शाळेचा कोपरा अशा दोन पक्क्या खुणांपासून अंतर लिहा आणि खड्डा उघडा असतानाच फोटो काढा, मागे काहीतरी ओळखता येईल असं दिसत असताना. हे सगळं एकाच माणसाच्या मोबाइलमध्ये ठेवू नका.

घरात

हिरव्या कनेक्टरला हिरवा, निळ्याला निळा. हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सपाट, एकमेकांत घातले तर लॉस येतो आणि टोकंही खराब होतात. जोडायच्या आधी क्लीनर पेनने एकदा टिक करा, नवीन पॅच कॉर्ड असली तरी. ड्रॉपवर खिळ्याचे स्टेपल ठोकू नका, क्लिप वापरा, आणि राहिलेली केबल बॉक्समध्ये गोल गुंडाळा, मुठीएवढ्या गोलापेक्षा लहान नको. निघताना पॉवर मोजून बॉक्सच्या आत मार्करने तारीख आणि आकडा लिहा, ‘उणे २०.४’ असं. पुढे तक्रार आली आणि तिथे उणे २६ दिसले की कुठलाच वाद राहत नाही.

कट झाल्यावर

जेसीबीने केबल तोडली की सगळे तुटलेल्या टोकांकडे धावतात. पण जेसीबी केबल कापत नाही, आधी ओढतो आणि मग ती तुटते, त्या ओढण्यात आतली फायबर कटपासून वीस-तीस मीटर लांबही तुटलेली असू शकते, बाहेरून केबल धडधाकट दिसते. म्हणून जोडायच्या आधी कटच्या जागेवरून दोन्ही दिशांना ओटीडीआर मारा. जवळचा भाग मशीनला दिसत नाही म्हणून मध्ये पाचशे मीटर ते किलोमीटरची लाँच केबल लावा. खराब भाग निघाला तर तेवढा काढून तुकडा टाका.

जोडताना आधी बँक, दवाखाना, टॉवर ज्या कोअरवर आहेत ते, मग बाकीचे. हा क्रम वहीत आधीच लिहिलेला असला पाहिजे, खड्ड्याच्या काठावर वीस फोन चालू असताना ठरत नाही. टेपने गुंडाळून ‘तात्पुरतं’ सोडलेला जॉइंट त्याच आठवड्यात क्लोजरमध्ये घाला, आणि नवीन जॉइंटचं अंतर त्याच दिवशी लिहा, नाहीतर पुढच्या कटला सगळे आकडे सरकलेले असतात.

दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, एक माणूस पूर्ण रूटवरून चालवा. लोंबलेली केबल, उघडलेली चेंबरची झाकणं, निघालेले एंड प्लग, पडलेले मार्कर, नव्याने कुठे खोदाईची फक्की मारलीय का, एवढंच बघायचं. फक्की दिसली तर त्याच दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा नंबर मिळवा आणि खोदाईच्या दिवशी आपला माणूस तिथे उभा करा.